मधली खोली

कुलूप नवं होतं. पितळेचं, जड, पेरूएवढं. रायभानने ओट्याच्या पायरीवर एक पाय ठेवला होता, दुसरा जमिनीवरच राहिला. सकाळी नऊचा सुमार असेल. हिंगोलीकडची गाडी नुकतीच पूर्णा स्टेशनातून सुटली होती आणि तिचा धूर अजून लिंबाच्या शेंड्यात अडकून होता. उजव्या हाताच्या खोलीपुढे फायरमनची बायको अंबाबाई ज्वारी निवडत बसली होती, डाव्या हाताच्या खोलीतून कुणीतरी खोकत होतं, म्हणजे त्या दोन्ही खोल्या जागच्या जागी होत्या. मधल्या खोलीला मात्र कुलूप; तिथले किरायदार, गार्ड आणि त्यांची बायको कमलबाई, दिसत नव्हते. तिन्ही खोल्या रायभानच्या. पाया त्याने स्वतः खणला होता, दगड नदीपलीकडून त्यानेच गाडीत भरून आणले होते, पत्रे चढवताना गवंड्याच्या बरोबरीने तोही वर चढला होता. तरी त्या कुलपाकडे बघताना त्याला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच्या दारात आलो आहोत आणि आता आतून कुणीतरी विचारील, काय पाहिजे?

दाराला पाठ लावून त्याची बायको केवळाबाई बसली होती. पुढ्यात ताटली, ताटलीत तेलात भिजवलेली वात, भंडाऱ्याची पुडी, गुळाचा खडा. न्हालेल्या केसांचं पाणी तिच्या पाठीवरून उतरून दाराच्या फळीवर ओला डाग पडला होता. रविवार होता.

"कव्हा गेले?" रायभानने विचारलं.

उत्तर अंबाबाईने दिलं. "पहाटंच्या गाडीनं. हैदराबादहून तार आली म्हणं, कमलबाईचा बाप लय बिमार हाय. गार्डसाहेबांनी रजा टाकली अन् दोघंबी गेले. मालकाला सांगा म्हणले, म्हणून सांगायलेय."

"येणार कव्हा?"

"त्ये काय सांगितलं न्हाई बघा."

केवळाबाईने ताटलीतली वात बोटाने जरा पुढे सरकवली, पुन्हा मागे घेतली. त्या दाराआड तिचे देव होते. किरायदाराच्या खोलीत घरमालकाचे देव कोंडलेले, असं पूर्णेत दुसरीकडे कुठे झालं नसेल. ज्याची अर्धी हयात मेंढरांमागे चालण्यात गेली त्याच्याच हातून असली चूक व्हायची. रायभानच्या घराण्याचे देव कधी घरात राहिलेच नव्हते. खंडोबा, बिरोबा आणि दोन पूर्वज, असे चार चांदीचे टाक लाल फडक्यात बांधलेले, फडकं घोंगडीत आणि घोंगडी घोड्याच्या पाठीवर. जिथे मेंढरं बसतील तिथे तीन दगड मांडायचे, फडकं सोडायचं, दिवा लावायचा, आणि उजाडलं की पुन्हा गाठ मारायची. केवळाबाईने वीस वर्षं ती गाठ मारली आणि सोडली. पावसात, फुफाट्यात, लोकांच्या शेतात, लोकांच्या बांधावर. म्हणून तीन वर्षांमागे खोल्या उभ्या राहिल्या तेव्हा मधली खोली आपल्याला राहायला, असं तिने आधीच सांगून टाकलं होतं, आणि गवंड्याच्या मागे लागून तिने आतल्या भिंतीत देवळी ठेवून घेतली होती. हातभर उंचीचा कोनाडा, वर कमान. जागरण घातलं, बोकड पडलं, देव देवळीत बसले. भगत म्हणाला, "बाई, आजवर चालते देव हुते तुमचे. आता भिंतीत बसले. आता यांना उठवायचं न्हाई." त्या दिवशी केवळाबाई सगळ्यांदेखत रडली होती आणि रडताना हसत होती, हे रायभानला आत्ता, कुलपासमोर उभं असताना, नको तितकं स्पष्ट आठवलं.

"तोडा की," ती म्हणाली. आवाज चढवून नाही, साधंच. "दगडाचा काय तोटा हाय व्हय?"

रायभानचे हात केव्हाच पाठीमागे गेले होते. आपण ते नेले हेसुद्धा त्याला कळलं नव्हतं. एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरून तो उभा होता, आणि केवळाबाईने त्याच्या कोपरांकडे बघितलं आणि मान फिरवली. तिला ठाऊक होतं. वालूरला तीही होती. लग्नाचं पहिलंच वर्ष, एका बड्या शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवलेली. मेंढरं बसली की रानाला खत मिळतं आणि मेंढक्याला धान्य, असा तो जुना व्यवहार; त्यात कुणी कुणावर उपकार करत नाही, पण जागा ज्याची त्याचा आवाज मोठा असतोच. तिसऱ्या सकाळी शेतातल्या खोपीचं कुलूप तुटलेलं निघालं आणि आतली सरकीची पोती नाहीशी. दुसऱ्या कुणाला विचारायची गरजच कुणाला वाटली नाही. रायभानच्या बापाला, आश्रुबाला, गाडीच्या चाकाला बांधून घातलं. उन्हात, दुपार टळेपर्यंत. केवळाबाई, नवी नवरी, तांब्या घेऊन पुढे गेली तर तिला तिथूनच हाकललं. संध्याकाळी कळलं, पोती मालकाच्या पुतण्याने विकली होती. माफी कुणी मागितली नाही. धान्य तेवढं पुरतं मोजून दिलं. आश्रुबाने ते घोड्यावर लादलं, मनगटावरचे वळ चोळले आणि मुलाला म्हणाला, "रायभान, जितं कुलूप दिसंल तितं हात पाठीमागं घ्यायचे. नुस्तं बघायचं असलं तरी." बाप मेला त्याला आता कैक वर्षं झाली. रायभानचे हात अजून त्याचं ऐकत होते. तहसिलीत, मालधक्क्यावर, ठेके घेणाऱ्या किशनराव गुत्तेदाराच्या वखारीत, जिथे तिथे. लोकांना वाटायचं, माणूस मोठा नम्र आहे.

या किशनरावानेच त्याला खोल्यांचं वेड लावलं. रझाकारांची धामधूम संपली त्याच्या पुढच्याच पावसाळ्यात मेंढरांवर देवीचा रोग आला आणि अर्धा कळप आठ-दहा दिवसांत आडवा झाला. मेलेल्या मेंढरांना पुरायला जागा द्यायलाही लोक तयार नव्हते. उरलेली मेंढरं जगतील की नाही या धास्तीने तो रात्ररात्र कळपात फिरून एकेका मेंढराला हात लावून बघायचा. तेव्हा स्टेशनासमोरच्या हॉटेलात किशनरावाने बशीत चहा ओतत त्याला शिकवलं. "अरे, भिंतीला रोग येत न्हाई. भिंतीला चारा लागत न्हाई, लांडगा लागत न्हाई. इथं इंजनांचा कारखाना हाय, जंक्शन हाय, रोज कुणाची ना कुणाची बदली व्हायलीय, अन् ऱ्हायला जागा न्हाई. स्टेशनाजवळ जागा घे. नोकरीवाला किरायदार बघ. दोन महिन्यांचा किराया आधी घे. त्यांच्या घरात बसूउठू नको. अन् एक ध्यानात ठेव, खोली खाली ठेवायची न्हाई. खाली खोली मालकाला खाती." बाकीचं सगळं रायभानला शिकावं लागलं, हे शेवटचं त्याला खोल्या बांधण्याआधीच कळलं. उरलेली मेंढरं व्यापाऱ्याच्या हवाली करून तो तळावर परतला तेव्हा मेंढरं कोंडायची जाळी तशीच गोल ताणलेली होती. आत लेंड्या अजून ओल्या होत्या, लोकरीचे पुंजके जाळीला अडकले होते, आणि मधे काही नव्हतं. जन्मल्यापासून त्याच्या कानाशी रवंथाचा, खोकण्याचा, खुरांचा आवाज होता. तो पहिल्यांदा बंद झाला होता. दिवस मावळेपर्यंत तो त्या रिकाम्या गोलाकडे बघत बसला. त्याला भीती वाटली. मोठ्या माणसाला वाटू नये अशी, कुणाला सांगताही येऊ नये अशी.

म्हणून खोल्यांत माणसं आली तेव्हा त्याला जे वाटलं त्याचा पैशाशी फारसा संबंध नव्हता. भिंतीपलीकडे भांडं पडायचं, कुणी कूस बदलायचं, लहान लेकरू चिरकायचं, आणि रायभानला गाढ झोप लागायची. उजवीकडचे आत आहेत, डावीकडचे आत आहेत. तो मनातल्या मनात मुंडकी मोजायचा. दोन वर्षं तो आणि केवळाबाई मधल्या खोलीत राहिले, आणि तेवढीच दोन वर्षं ती सुखात होती असं म्हणायला हरकत नाही. मग व्यंकटराव गार्ड दारात उभे राहिले. स्वच्छ कपडे, मऊ बोलणं, बरोबर बायको. दुसरीकडे कुठेही जागा नाही, म्हणाल तो किराया देतो, पावसाळ्यापुरती द्या. किशनराव म्हणाला, असा किरायदार सोडणारा माणूस येडा. रायभानने मागच्या बाजूला पत्र्याची छपरी उभी केली. "अन् देव?" केवळाबाईने विचारलं होतं. "देव ऱ्हाऊ दे की. आपलंच घर हाय. तू जाऊन दिवा लावून येत जा," तो म्हणाला होता. चार महिन्यांचा तर प्रश्न आहे, असंही म्हणाला होता.

ती रोज जायची. आपण स्वतः सारवलेल्या उंबऱ्याशी थांबून ती खोकायची, मग कमलबाई आतून म्हणायची, "या ना मावशी." गार्डसाहेब असले तर पलंगावरून उठून बाहेर जायचे. चांगली माणसं होती. वाईट असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. पुढे कमलबाईच म्हणाली, "मावशी, तुम्ही रोज कशाला पायपीट करता? दिवा मी लावत जाईन." आणि लावायचीही मनापासून. केवळाबाईचं जाणं रविवारावर आलं. चार महिन्यांचे अकरा झाले. दर महिन्याला रायभान सांगायचा, आता पुढच्या महिन्यात सांगतो त्यांना. तो खोटं बोलत नव्हता. सांगताना दर वेळी त्याला खरंच वाटायचं.

त्या रविवारी केवळाबाईने अन्न घेतलं नाही. सोमवारीही नाही. काळा चहा घ्यायची, छपरीत काम करायची, आणि दिवस कलला की ताटली घेऊन मधल्या दारापाशी जाऊन बसायची. वात पेटवायची नाही, नुसती बसायची. अंबाबाई समजवायला गेली तर म्हणाली, "त्यांच्या म्होरं दिवा न्हाई अन् मी घास घेऊ?" रायभान किशनरावाकडे गेला. तो हसलाच. "कुलपाच्या भाईरचं तुझं, आतलं त्याचं. महिन्याचा किराया भरलाय का न्हाई त्यानं? मंग? उद्या तोडलंस अन् साहेब म्हणला माझं घड्याळ गेलं, तर काय करशील?" रायभानला गाडीचं चाक दिसलं. तो उठून घरी आला.

बुधवारी केवळाबाईचा भाऊ लिंबाजी आला. त्याची मेंढरं नदीकाठी एका मळ्यात बसली होती, येत्या सोमवारी जिंतूरच्या डोंगराकडे निघायची होती. छपरीत वाकून आत येताना पत्र्याची कड त्याच्या मुंडाशाला लागली. त्याने सगळीकडे बघितलं, बहिणीच्या उतरलेल्या तोंडाकडे बघितलं, आणि समोरच्या तीन खोल्यांच्या पाठीकडे बघितलं.

"दाजी, एवढं घर बांधलं अन् तुमी भाईर व्हय?"

"जरा दिवस," रायभान म्हणाला.

"आमीबी भाईरच असतो," लिंबाजी म्हणाला, "पर आमचे देव आमच्यापाशी असत्यात."

तो गेल्यावर केवळाबाई चुलीतली राख ओढत म्हणाली, "लिंबाजी सोमवारी हालणार हाय. रविवारपस्तोर दिवा लागला अन् मी माझ्या घरात निजले, तर ऱ्हायले. न्हाई तर मी जाणार त्याच्यासंगं. मेंढरामागं हिंडले तरी पोटभर खाईन. तुमास्नी आधीच सांगायलेय, मागनं म्हणू नका." भांडणाचा सूर असता तर रायभानने वरचढ आवाज काढून ते मिटवलं असतं. ती राख भरत होती आणि राख भरण्याइतक्याच शांतपणे बोलत होती. तो घाबरला. केवळाबाई नसलेली छपरी त्याने डोळ्यांपुढे आणून बघितली आणि त्याला ती ताणलेली गोल जाळीच दिसली.

मधल्या खोलीची मागची खिडकी छपरीकडे होती. गुरुवारी दुपारी, कुणी नाहीसं बघून, त्याने गजांना तोंड लावलं. स्वतःच्या घरात डोकावताना कुणी पाहिलं तर काय सांगायचं, याचं उत्तर आधी मनाशी जुळवून ठेवलं, मगच आत बघितलं. गुंडाळलेली गादी. खुंटीवर काळा कोट. कोपऱ्यात हिरवं निशाण, लाल निशाण. आणि समोर देवळीत, अंधारात, टाक. दिसत नव्हतेच म्हणा. वाळलेली शेवंती दिसत होती, म्हणजे तिच्यामागे ते असणार. पण त्याला धरून ठेवलं ते त्या खोलीच्या शांततेने. उजवीकडे अंबाबाईचा पाटा चालू होता, डावीकडे खोकला, आणि मधे काहीच नाही. कळपाच्या मधोमध एक मेंढरू मेलेलं असावं आणि बाकीची त्याला टेकून उभी असावीत, तसं काहीतरी. तो कान लावून उभा राहिला. केवळाबाईला देव हवे होते. आपल्याला, त्याच्या लक्षात आलं, आत कुणीतरी हवं आहे. कुणीही. या विचाराची त्याला लाज वाटली आणि त्याने तो पुढे जाऊ दिला नाही.

रविवारी दुपारच्या गाडीने व्यंकटराव एकटेच परतले. सासरे वारले होते. सासूला आता दुसरं कुणी नाही, साहेबांच्या हातापाया पडून सिकंदराबादला बदली करून घेतली, खोली आजच सोडतो म्हणाले. केवळाबाईला दारात ताटली घेऊन बसलेलं बघितलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा पडला. "मावशी, चूक झाली. तारेच्या गडबडीत तुमच्या देवांची आठवणच राहिली नाही. कमल तिथे रडत होती." त्यांनी हात जोडले. कुलूप काढलं. गाडीवान आला, गादी, ट्रंक, पलंग, निशाणं बाहेर निघाली. जाताना ते रिकामं कुलूप त्यांनी पिशवीत टाकलं. ते त्यांचं होतं. रायभानने त्या दाराला कधी कुलूप घेतलंच नव्हतं.

केवळाबाईने आधी झाडलं, मग सारवलं. ओट्यावर बसलेल्या रायभानला आतून तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता. बऱ्याच वेळाने काडी ओढल्याचा आवाज आला, आणि मग भंडाऱ्याचा वास. तिने उंबऱ्यापर्यंत येऊन गुळाचा खडा त्याच्या हातावर ठेवला, उरलेला आपल्या तोंडात टाकला. आठ दिवसांनी तिच्या जिभेवर चहाखेरीज काहीतरी गेलं होतं. "आज इतंच भाकरी टाकते," ती म्हणाली. "तुमी छपरीतला तवा आणा." आणि पुन्हा आत जाऊन देवळीपुढे, त्याच्याकडे पाठ करून बसली.

तवा आणायला उठायचं होतं. तो उठला नाही. ऊन उतरलं होतं, डावीकडचा खोकणारा कामावर गेला होता, अंबाबाई नळावर गेली होती, आणि केवळाबाई देवापुढे बसली की हलत नसे. तिन्ही खोल्या गप्प झाल्या. सामान गेलेली मधली खोली त्याला दारातून दिसत होती, त्याने बांधली त्याहून मोठी, ओल्या सारवणाची, उघडी. तीत एक बाई होती. तरी ती त्याला रिकामी दिसत होती. असं दिसू नये हे त्याला कळत होतं.

"राम राम. मालक तुम्हीच का?" पायरीशी एक माणूस उभा होता. पांढरी टोपी, हातात पत्र्याची पेटी. "मी मालधक्क्यावर नवीन आलोय, कारकून. किशनरावांनी पाठवलं. गार्डसाहेबांचं सामान स्टेशनावर दिसलं म्हणाले, खोली खाली असेल."

रायभानने आत बघितलं. केवळाबाईची पाठ ताठ झाली होती. तिने ऐकलं होतं. तिने वळून बघितलं नाही. ती थांबली होती. आमी ऱ्हातो इतं, एवढंच बोलायचं होतं. ते त्याच्या तोंडात तयार होतं, गुळाच्या चवीशेजारी. त्याने ते म्हणायला तोंड उघडलं.

"खाली हाय," तो म्हणाला.

आत केवळाबाईने दिव्याची वात जरा पुढे सरकवली. मग तिने हात वर केला आणि एक टाक उचलला, कपाळाला लावला, पदरात ठेवला. मग दुसरा. चारही झाल्यावर तिने पदराला गाठ मारली, वीस वर्षं मारत होती तशी, न बघता. डोक्यावरून पदर ओढून, अंग चोरून ती पाहुण्याच्या बाजूने बाहेर आली. रायभानपाशी क्षणभर थांबली.

"दिवा तेवढा ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "त्याल हाय तवर."

ती छपरीकडे गेली नाही. रूळ ओलांडून नदीच्या वाटेला लागली. लांब टांगा टाकत, गुडघ्यात जराशी वाकत, मेंढरामागची बाई चालते तशी. तिची ती चाल त्याने तीन वर्षांत बघितली नव्हती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. नदीकडून मेंढरांचा आवाज येत होता, लिंबाजीचा कळप अजून अलीकडेच होता. रायभान तो आवाज ऐकत उभा राहिला.

कारकून आत फिरून आला. हवा चांगली आहे म्हणाला, देवळी कंदील ठेवायला बरी आहे म्हणाला. पेटी त्याने भिंतीशी ठेवली. जरा स्टेशनावरचं बाकीचं सामान घेऊन येतो, असं सांगून त्याने दार ओढून घेतलं आणि खिशातून स्वतःचं कुलूप काढलं. फटीतून आतला दिवा अजून दिसत होता. रायभानने हात पाठीमागे घेतले.